सरकारी नोकरीसाठी कोणत्या शहरांत जाण्याची तयारी ठेवावी?

तुमचा प्रश्न असा आहे: घर कोथरूडला, वय सव्वीस, आई-वडिलांनी साठी ओलांडलेली, कर्मचारी निवड आयोगाच्या सीजीएल परीक्षेचा (केंद्र सरकारच्या पदवीधर पदांसाठीची परीक्षा) दुसरा टप्पा पार पडलेला आणि आता पसंतीक्रम भरायचा आहे, सोबत एमपीएससीचा अभ्यासही सुरू आहे. अशा वेळी कोणत्या शहरांत जाण्याची तयारी ठेवावी आणि कोणती शहरे आधीच नाकारावीत, हे तुम्हाला ठरवायचे आहे. मी केंद्र सरकारच्या लेखा विभागात नोकरी केली, नागपूर आणि हैदराबाद येथे राहून अखेरीस पुण्यात आलो आणि येथूनच निवृत्त झालो. त्यामुळे या प्रश्नाची नियमांची बाजू आणि घरची बाजू, दोन्ही मला परिचित आहेत.

माझे उत्तर सुरुवातीलाच सांगतो. शहर निवडण्याआधी बदलीचे क्षेत्र निवडा. पहिली नेमणूक काही वर्षांत संपते, परंतु ज्या संवर्गात, म्हणजे एकाच ज्येष्ठता यादीतील पदांच्या गटात, तुम्ही दाखल होता त्याची हद्द निवृत्तीपर्यंत तुमच्यासोबत राहते. सीजीएलच्या अर्जात तुम्हाला शहर विचारले जात नाही, पदे आणि विभाग विचारले जातात; आयोग गुणवत्ता आणि पसंती पाहून विभाग देतो आणि ठिकाण नंतर तो विभाग ठरवतो. म्हणजे पदांचा क्रम लावता तेव्हाच तुम्ही शहरांचा क्रमही लावत असता, आणि बहुतेक उमेदवारांच्या हे लक्षातच येत नाही.

काही पदांचा नकाशा पाहिला की मुद्दा स्पष्ट होईल. केंद्रीय सचिवालय सेवेतील सहायक कक्ष अधिकाऱ्याचे पद स्वीकारले तर जवळपास संपूर्ण नोकरी दिल्लीत होते; तेथून पुण्यात ‘बदली’ होण्याचा प्रश्नच सहसा उद्भवत नाही, कारण ती मंत्रालयेच दिल्लीत आहेत. आयकर विभागात देशाचे अनेक क्षेत्रांत विभाजन केलेले आहे आणि महाराष्ट्रात मुंबई, पुणे व नागपूर ही तीन स्वतंत्र क्षेत्रे आहेत. पुणे क्षेत्र मिळाले तर नाशिक, कोल्हापूर अशा ठिकाणी फिरत राहूनही तुम्ही घरापासून फार दूर जात नाही. मात्र ईशान्य क्षेत्र मिळाले तर तुमची ज्येष्ठता, पदोन्नती आणि बदल्या सगळ्या त्याच क्षेत्रात होतात. सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापालांची महाराष्ट्रातील मुख्य कार्यालये मुंबई आणि नागपूर येथे आहेत. याउलट संरक्षण लेखा विभागाची दोन मोठी कार्यालये पुण्यातच आहेत, पण त्या विभागाचा विस्तार देशभर असल्यामुळे जम्मू किंवा गुवाहाटी येथे काही काळ जावे लागण्याची शक्यता धरूनच ते पद निवडावे लागते.

गुवाहाटीचे उदाहरण मी मुद्दाम घेतले. एकच शहर एका विभागात काही वर्षांचा मुक्काम असते आणि दुसऱ्या विभागात आयुष्यभराचे गाव होते. देशभर बदल्या होणाऱ्या विभागात ईशान्य भारतातील नेमणुकीची मुदत ठरलेली असते, दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांसाठी साधारण तीन वर्षे आणि त्याहून जास्त सेवा झालेल्यांसाठी दोन वर्षे, शिवाय मूळ वेतनाच्या 10 टक्के विशेष भत्ता मिळतो. अविवाहित असताना आणि आई-वडील हिंडते-फिरते असताना असा कालखंड पार पाडणे मला पूर्णपणे योग्य वाटते. परंतु त्याच गुवाहाटीत क्षेत्रीय संवर्गात दाखल होणे हा वेगळाच निर्णय आहे आणि तो त्याच गांभीर्याने घ्यायला हवा.

सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत एक वाक्य सर्रास ऐकू येते: ‘एकदा लागा, मग बदली करून घेऊ.’ या वाक्यावर विसंबून पसंतीक्रम भरू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात जाण्याच्या बदलीला आंतरक्षेत्रीय बदली म्हणतात आणि ती मिळाली तरी बहुतेक विभागांत तुमचे नाव नव्या ठिकाणच्या ज्येष्ठता यादीत सर्वांत खाली जाते. रेल्वेतही स्वतःच्या विनंतीवरून दुसऱ्या विभागात गेल्यास हेच घडते. अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने तर 2018 मध्ये अशा बदल्यांची वाटच बंद केली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मार्च 2022 मध्ये न्यायालयाने मंडळाचा निर्णय कायम ठेवला, मात्र पती-पत्नीची एकत्र नेमणूक आणि अपंग व्यक्तींच्या गरजा यांचा विचार करून धोरणाचा फेरविचार करावा, असेही सांगितले. तात्पर्य इतकेच की बदली हा तुमचा हक्क नाही आणि तिच्या वाटेची दारे प्रशासन एका परिपत्रकाने बंद करू शकते. माझ्या कार्यालयात असे सहकारी होते, ज्यांनी दूरच्या क्षेत्रातून पुण्याला येण्यासाठी अनेक वर्षांची ज्येष्ठता सोडली आणि नंतर स्वतःहून लहान असलेल्या अधिकाऱ्याच्या हाताखाली काम केले. घरासाठी त्यांनी ते केले आणि त्यांना त्याचा खेद नव्हता, परंतु ही किंमत पसंतीक्रम भरतानाच माहीत असायला हवी होती.

आता पैशांचा विचार करू, कारण शहर बदलले की पगाराचे गणितही बदलते. केंद्र सरकार घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग करते. पन्नास लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या पहिल्या वर्गात दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद आणि पुणे ही आठ शहरे आहेत. पाच ते पन्नास लाखांच्या दुसऱ्या वर्गात नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, कोल्हापूर, अमरावती, नांदेड, सांगली यांसारखी शहरे येतात. उरलेली सर्व गावे तिसऱ्या वर्गात. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर पोहोचल्यापासून सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत हा भत्ता मूळ वेतनाच्या अनुक्रमे 30, 20 आणि 10 टक्के झाला आहे. आयकर निरीक्षकाचे सुरुवातीचे मूळ वेतन 44,900 रुपये धरले तर तो 13,470, 8,980 आणि 4,490 रुपये होतो. प्रवास भत्त्याची यादी मात्र वेगळी आहे. त्यात जास्त दराची एकोणीस शहरे असून, घरभाड्यासाठी दुसऱ्या वर्गात असलेली नागपूर आणि इंदूर ही शहरे तेथे वरच्या दरात बसतात. तुमच्या वेतनस्तरावर हा भत्ता 1,800 ऐवजी 3,600 रुपये आणि त्यावर महागाई भत्ता असा मिळतो.

या आकड्यांवरून मोठे शहर फायद्याचे ठरते, असे समजू नका. मुंबईत नोकरी लागलेल्या नव्या कर्मचाऱ्याला घरभाडे भत्त्यात कार्यालयाजवळ घर मिळणे अवघड असते आणि तो बदलापूर किंवा विरारपर्यंत सरकतो. भत्ता त्याच्या हाती येतो, पण रोजचे कित्येक तास लोकलमध्ये जातात. नागपुरात माझे घर कार्यालयापासून सायकलच्या अंतरावर होते आणि भत्ता कमी असूनही महिनाअखेरीस हातात जास्त उरत असे. सरकारी निवासस्थान मिळाले की घरभाडे भत्ता थांबतो आणि वर अनुज्ञप्ती शुल्क, म्हणजे त्या घराचे नाममात्र भाडे, कापले जाते, त्यामुळे त्या शहरात तुमच्या विभागाची किंवा सामाईक कोट्यातील निवासस्थाने किती आणि प्रतीक्षा किती वर्षांची, हे विचारल्याशिवाय हिशेब पूर्ण होत नाही. दिल्ली महाग असूनही अनेकांना परवडते, याचे मोठे कारण आर. के. पुरमसारख्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या वसाहती हे आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: प्रशासनाने बदली केली तर सामान हलवण्यासाठी मूळ वेतनाच्या 80 टक्के इतके एकत्रित अनुदान मिळते, स्वतःच्या विनंतीवरून बदली घेतली तर मिळत नाही.

आई-वडिलांच्या बाबतीत मी शहरांचे अंतर किलोमीटरमध्ये मोजत नसे. रात्री फोन आला तर दुसऱ्या दिवशी सकाळी किंवा दुपारपर्यंत घरी पोहोचता येईल का, हा माझा निकष होता. हैदराबादला असताना वडिलांच्या आजारपणात रात्रीच्या बसने निघून सकाळी पुण्यात उतरता येत असे आणि केवळ एवढ्या एका सोयीमुळे ती वर्षे मला सुसह्य झाली. या निकषावर मुंबई, नाशिक, हैदराबाद, बंगळुरू, अहमदाबाद आणि नागपूर उत्तीर्ण होतात. दिल्लीला दुरांतोने जवळपास वीस तास लागतात आणि ऐन वेळी विमानाचे तिकीट काढण्याइतकी शिल्लक बाळगावी लागते. कोलकात्याला आझाद हिंद एक्स्प्रेसने तीस तासांहून अधिक प्रवास आहे. आई-वडिलांना सोबत नेण्याचा विचार असेल तर केंद्रीय आरोग्य योजनेचा दवाखाना त्या शहरात आहे का, हे पाहा. पुणे, मुंबई आणि नागपूर येथे ती सोय आहे, लहान गावांत बहुधा नसते. शिवाय वडिलांचे निवृत्तिवेतन दरमहा 9,000 रुपये अधिक त्यावरील महागाई भत्ता या मर्यादेच्या वर असेल तर या योजनेच्या नियमाप्रमाणे ते तुमच्यावर अवलंबून मानले जात नाहीत. हे अनेकांना रुजू झाल्यानंतर कळते.

लग्नाचा उल्लेख तुम्ही केलेला नाही, पण सव्विसाव्या वर्षी तो हिशेबात धरावाच लागतो. पती-पत्नी दोघेही सरकारी नोकरीत असतील तर त्यांना शक्यतो एकाच ठिकाणी ठेवावे, असे केंद्र सरकारचे 2009 चे निर्देश आहेत. त्यातील ‘शक्यतो’ या शब्दाचे वजन अनुभवाने कळते. जोडीदार हिंजवडीत संगणक क्षेत्रात असेल तर हैदराबाद, बंगळुरू, चेन्नई येथे त्याला काम मिळू शकते. जोडीदार जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा राज्य शासनात असेल तर महाराष्ट्राबाहेरचे क्षेत्र म्हणजे दोन घरे. मुलांच्या शिक्षणाची मात्र मी फारशी काळजी केली नाही, कारण केंद्रीय विद्यालयात बदलीपात्र केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना प्राधान्य असते.

भाषेबद्दल थोडक्यात. लेखा कार्यालयात बसून काम असेल तर इंग्रजी-हिंदीवर निभावते, परंतु निरीक्षकासारख्या फिरतीच्या पदावर स्थानिक भाषा नसेल तर पहिली दोन वर्षे जड जातात. इंदूर, वडोदरा, ग्वाल्हेर येथे होळकर, गायकवाड आणि शिंदे यांच्या काळापासून मराठी घरे आहेत. हैदराबादेत विवेकवर्धिनीसारखी मराठी माणसांनी उभी केलेली संस्था आहे, तेथे आम्हाला परकेपणा फार काळ वाटला नाही.

एमपीएससीचा अभ्यास सुरू ठेवला आहे, हे चांगले केलेत, आणि केवळ पर्याय म्हणून त्याकडे पाहू नये. राज्यात सहा महसुली विभाग आहेत आणि 2005 च्या बदली कायद्यानुसार एका पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा आहे. म्हणजे गडचिरोली किंवा नंदुरबारला जावे लागले तरी तुम्ही मराठी मुलुखातच असता. पुण्याच्या माणसासाठी यात एक विशेष सोय आहे: साखर, कृषी, शिक्षण, सहकार, समाजकल्याण, जमाबंदी आणि नोंदणी अशा अनेक विभागांची राज्यस्तरीय कार्यालये मुंबईत नसून पुण्यात आहेत. या विभागांतील अधिकाऱ्याला सेवेच्या काळात पुण्यातील पद मिळण्याची संधी इतरांपेक्षा जास्त असते.

तुमच्या जागी मी असतो तर पुणे आणि मुंबई क्षेत्र मिळण्याची शक्यता असलेली पदे सर्वांत वर ठेवली असती, त्याखाली नागपूर, मग हैदराबाद, अहमदाबाद, बंगळुरू, इंदूर. देशभर बदल्या होणारा आणि पुण्यात मोठे कार्यालय असलेला विभाग मी यांच्या बरोबरीने ठेवीन, मग पहिली नेमणूक कोठेही होवो. दिल्लीबाबत माझे मत असे की मंत्रालयातील कामाची खरी ओढ असेल तरच ती वर घ्यावी. त्या कामाला तोड नाही, पण ‘नंतर पाहू’ म्हणून घेण्याची ती जागा नाही. ज्या क्षेत्रीय संवर्गात आयुष्य काढणे तुम्हाला आज अशक्य वाटते, तो संवर्ग देणारे पद क्रमात खाली ठेवा. आणि अन्य नोकरी हातात असेल तर ते लिहूच नका, कारण न लिहिलेल्या पदासाठी तुमचा विचार होत नाही, पण लिहिलेले पद एकदा वाट्याला आले की खालच्या पदांचा मार्ग बंद होतो.

अर्ज कायम करण्यापूर्वी मागील दोन-तीन वर्षांच्या अंतिम निकालात तुमच्या अपेक्षित गुणांना कोणती पदे मिळाली ते आयोगाच्या संकेतस्थळावर पाहा, त्या विभागांनी नंतर कोणती क्षेत्रे दिली हे तेथे रुजू झालेल्यांना विचारा आणि तयार केलेली यादी घरी आई-वडिलांसमोर ठेवा. तुम्ही नाकारलेल्या एखाद्या शहराला त्यांची हरकत नसेल आणि तुम्ही वर ठेवलेल्या एखाद्या शहराला असेल, तर ते अर्ज भरण्याआधी कळणे बरे.