सिथियन (शक) लोकांचा जुना धर्म आज पुन्हा उभा करता येईल का?

तुकडे जमवता येतात, धर्म उभा राहत नाही, असं माझं मत. तुम्ही विचारलंय की काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या सिथियनांचे देव आज परत पुजायचे तर हाताशी काय आहे आणि कोणी असं करतंय का. मी काही यातला अभ्यासक नाही, नाशिकला राहतो, पांडवलेण्यातल्या शकांच्या लेखांमुळे या नादाला लागलो आणि आता घरचे वैतागलेत इतकंच.

पहिली गोची म्हणजे सिथियनांनी स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही. धर्माबद्दल जे आहे ते बहुतेक सगळं हेरोडोटस या ग्रीकाने इ.स.पू. ५ व्या शतकात लिहिलेलं, त्याच्या 'इतिहासा'च्या चौथ्या पुस्तकात, आणि त्याची पद्धत अशी की देवाचं नाव सांगायचं आणि हा म्हणजे आमचा अमुक म्हणून पुढे जायचं. उद्या एखाद्या परदेशी माणसाने जेजुरीला येऊन खंडोबा म्हणजे यांचा मार्स (रोमन युद्धदेव) असं लिहिलं आणि अडीच हजार वर्षांनी तेवढाच कागद उरला तर जेजुरीची जत्रा त्यावरून कशी उभी करणार? तबिती, पापाइओस, आपी, गोइतोसिरोस, आर्गिम्पासा, आणि फक्त राजघराण्याच्या टोळीचा थागिमासादास, एवढी नावं मिळतात. युद्धदेवाचं तर सिथियन नावही तो देत नाही, नुसतं आरेस हे ग्रीक युद्धदेवाचं नाव वापरतो.

नावं मात्र आपल्या कानाला ओळखीची वाटतात हे खरं. भाषा इराणी कुळातली, म्हणजे संस्कृतची चुलत बहीण, त्यामुळे तबिती हे तापणे-तापवणे मधल्या 'तप्'शी जोडतात आणि आपी हे पाण्याच्या 'आप'शी. तबिती ही चुलीची देवी आणि तीच सगळ्यात मोठी. राजाच्या चुलीची शपथ ही सर्वात मोठी शपथ, आणि राजा आजारी पडला की कोणीतरी ती शपथ खोटी घेतली असं समजून ज्योतिषी बोलवायचे, ते एखाद्याचं नाव घ्यायचे, मग त्यांच्यावर दुसरे ज्योतिषी, आणि शेवटी तो माणूस निर्दोष ठरला तर पहिल्या ज्योतिषांना काटक्यांनी भरलेल्या बैलगाडीत बांधून गाडी पेटवून द्यायची. (आपल्याकडच्या टीव्हीवरच्या काही लोकांसाठी ही प्रथा आणायला माझी हरकत नाही.)

आता विधी. बळी द्यायच्या जनावराचे पुढचे पाय बांधायचे, मागे उभं राहून दोरी खेचून त्याला पाडायचं, देवाचं नाव घ्यायचं, मग गळ्यात फास टाकून काठीने पिळत नेऊन गुदमरवायचं. अग्नी नाही, तीर्थ शिंपडणं नाही. मांस कढईत शिजवायचं आणि खाली जळण म्हणून त्याच जनावराची हाडं, कारण त्या गवताळ मैदानात लाकूडच नाही, आणि कढई नसेल तर मांस जनावराच्याच पोटाच्या पिशवीत पाण्यासकट भरून शिजवायचं. मला इथे खरी अडचण दिसते. हा धर्म घोडे, कळप आणि बिनलाकडाचं मैदान यांच्यातून आलेला आहे, फ्लॅटमध्ये गॅस पेटवून तबितीला हात जोडले तर ते दुसरंच काहीतरी झालं. मूर्ती करायचा मोह झाला तर तोही आवरा, हेरोडोटस स्पष्ट सांगतो की आरेस सोडून कोणालाच मूर्ती, वेदी, देऊळ करायची रीत नाही. आरेससाठी काटक्यांचा अर्धा किलोमीटर लांब-रुंद ढीग, वर जुनी लोखंडी तलवार, आणि दर शंभर युद्धकैद्यांमागे एकाचा बळी. ढिगावर दरवर्षी १५० गाड्या नवीन काटक्या! लाकडाचा दुष्काळ म्हणून हाडं जाळणाऱ्यांनी एवढ्या काटक्या आणल्या कुठून, इथे मला त्या बाबावर जरा संशय येतो.

पण मग तोच माणूस असा काही खरा ठरतो की बोलायची सोय नाही. त्याने लिहिलंय की अंत्यविधीनंतर शुद्धीसाठी काठ्या उभ्या करून त्यावर नमदे (लोकरीच्या जाड चादरी) टाकायचे, आत तापलेल्या दगडांवर भांगेच्या बिया टाकायच्या आणि त्या वाफेत बसून आनंदाने ओरडायचं. हे वाचून लोकांना गंमत वाटायची. १९४० च्या दशकाच्या शेवटी सर्गेई रुदेंको या रशियन पुरातत्त्वज्ञाने सायबेरियात अल्ताईमधल्या पाझिरिकला कबरी उकरल्या, त्या बर्फात गोठलेल्या असल्यामुळे सगळं टिकलेलं, आणि एकीत चक्क सहा काठ्यांचा सांगाडा, ब्राँझच्या भांड्यात दगड आणि त्यात जळलेल्या भांगेच्या बिया. तेही काळ्या समुद्रापासून हजारो किलोमीटर लांब. एवढा एक विधी करता येईल असा सापडलाय, कायद्याचं तुमचं तुम्ही बघा.

कोणी करतंय का, तर हो, काॅकेशसमध्ये ओसेटियन लोक आहेत. त्यांची भाषा सिथियन आणि त्यांचे नातलग सरमाती, अलान या गोतावळ्यातली आज उरलेली भाषा, आणि तिथे 'उआत्सदिन' नावाने जुना धर्म जाणीवपूर्वक मांडला जातोय. २०१२ च्या एका मोठ्या सर्वेक्षणात उत्तर ओसेटियातल्या २९ टक्के लोकांनी आपला धर्म असा पूर्वजांचा सांगितला होता. चुलीवर भांडं टांगायची साखळी तिथे पवित्र, परंपरेने नवी नवरी चुलीभोवती फेऱ्या घालते, अलागिरजवळ खेतागची देवराई आहे तिथली काडीसुद्धा घरी न्यायची नाही. सणाला चीज भरलेल्या तीन पोळ्या एकावर एक ठेवतात, वयस्कर माणूस बिअरचा पेला घेऊन प्रार्थना म्हणतो, त्याआधी पोळ्या जरा सरकवतात म्हणजे वरून देवाला तिन्ही दिसाव्यात. मयताला मात्र दोनच. हे वाचून मला आपली आजी आठवली, पानात एक पोळी, तीन पोळ्या यावरून ओरडणारी.

पण हेही सिथियनांचं जसंच्या तसं नाही. त्यांचा सर्वात लाडका देव उआस्तिर्जी, ज्याचं नाव बायका घेत नाहीत, 'पुरुषांचा देव' म्हणतात, त्याच्या नावात सेंट जाॅर्ज दडलेला आहे. मधली हजार वर्षं पुसता येत नाहीत आणि तिथल्या लोकांना पुसायचीही नसावीत.

आणि खुद्द शकांनी काय केलं ते आमच्या लेणं क्रमांक १० मध्ये कोरलेलं आहे. इराणी लोक सगळ्याच सिथियनांना शक म्हणायचे, त्यातलेच काही इकडे आले. नहपान या शक राजाचा (क्षत्रपाचा) जावई उषवदात, म्हणजे ऋषभदत्त, बापाचं नाव दीनिक, बायको दक्षमित्रा. एका पिढीत नावं बघा कुठून कुठे गेली. लेखात तो काय सांगतो, तर तीन लाख गाई दिल्या, देव-ब्राह्मणांना १६ गावं दिली, आणि हे लेणं बौद्ध भिक्षूंना. तबितीचं नाव नाही, तलवारीचं नाही, घोड्याच्या बळीचं नाही. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्राने नहपानाला हरवलं, त्याच्या नाण्यांवर आपला छाप मारला, जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपानाची १३ हजारांवर नाणी निघाली, त्यातल्या बहुतेकांवर हा छाप होता. आज लग्नपत्रिकेवर 'शके' छापतो त्या शब्दात तेवढे ते उरलेत.

तरी करायचंच असेल तर चौथं पुस्तक कलम ५९ पासून ७५ पर्यंत नीट वाचा, मग नार्त कथा, म्हणजे ओसेटियनांच्या जुन्या वीरकथा, वाचा, आणि जे काही कराल त्याला सिथियनांवरून सुचलेलं म्हणा, सिथियन म्हणू नका. नाशिकला आलात तर सकाळी लवकर चढा, दुपारी दगड तापतो आणि लेखावर ऊन येत नसलं तरी पायऱ्यांवर येतं.