सुट्टीत नाशिकला येऊन जिओकॅश लपवून गेलो तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात आठ दिवस मामांकडे इंदिरानगरला येणार आहात, मुलांना जिओकॅशिंगचं वेड लागलंय, आणि पुण्याहूनच दोन-तीन डबे तयार करून आणायचे, इथे लपवायचे आणि परत जायचं असा बेत आहे. (ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: कोणीतरी डबा लपवतो, त्यालाच कॅश म्हणतात, त्याचे अक्षांश-रेखांश खेळाच्या वेबसाइटवर टाकतो, आणि बाकीचे फोनच्या जीपीएसने तो शोधून आतल्या कागदावर नाव लिहितात.) डबे जरूर आणा. पण लपवण्याआधी मामांशी एकदा नीट बोला, कारण तुम्ही गेल्यावर ते डबे त्यांच्या गळ्यात पडणार आहेत. अशाच एका डब्याचे मी तीन पावसाळे काढलेत.

माझा आतेभाऊ जर्मनीत असतो. तिकडे हा खेळ गल्लोगल्ली चालतो. एका दिवाळीला तो आला आणि गोदापार्कच्या बाजूला नदीकाठच्या दगडी बांधाच्या फटीत त्याने एक प्रीफॉर्म खुपसला. कोल्ड्रिंकची बाटली फुगवण्याआधी जी जाड प्लॅस्टिकची नळी असते ना, तीच. आत गुंडाळलेली कागदाची पट्टी, एवढीच कॅश. मी म्हटलं, अरे इथे पाणी येतं. तो म्हणाला, "ताई, पाणी बघ किती खाली आहे." नोव्हेंबरातली गोदावरी म्हणजे गरीब गाय. वेबसाइटला सांगावं लागतं की मालक परगावी असताना देखभाल कोण करणार. त्याने माझ्या फोनवर माझं खातं उघडलं आणि माझं नाव देऊन टाकलं. मी तेव्हा फराळाची ताटं भरत होते, हो म्हणून मोकळी झाले.

जुलैअखेर गंगापूर धरणातून पाणी सोडलं. बातम्यांत विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात, पण नाशिककर पूर मोजतो तो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. गुडघ्याला लागला, कमरेला लागला, छातीला लागला. 2016 आणि 2019 चे पूर ज्यांनी पाहिलेत त्यांना छातीचं काही वाटत नाही, पण बांधातल्या नळीला तेवढं पुष्कळ झालं. ती बहुधा नांदूरमध्यमेश्वरच्या पाणपक्ष्यांना मिळाली असेल.

पुढचा तमाशा ऑनलाइन झाला. दोघांनी 'सापडली नाही' असा लॉग टाकला. तिसऱ्याने न सापडल्यावर स्वतःच्या खिशातली गोळ्यांची डबी तिथे ठेवून 'सापडली' म्हणून नोंद केली. याला थ्रोडाउन म्हणतात आणि ते अजिबात चांगलं समजत नाहीत, कारण पुढचा माणूस नक्की काय शोधतोय तेच कळेनासं होतं. मग वेबसाइटतर्फे कॅश तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने ती तात्पुरती बंद केली आणि लिहिलं की महिनाभरात दुरुस्त करा, नाहीतर कायमची अर्काइव्ह होईल. हे रिव्ह्यूअर म्हणजे पगारी नोकर नव्हेत, हौसेने काम करणारे स्वयंसेवक असतात, तरी नियमाला पक्के. आतेभावाचा रात्री अकराला फोन. "ताई, प्लीज एकदा जाऊन ये ना."

गेले. भर पावसात, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फोन, बांधाच्या फटींत बोटं घालत. शेजारच्या सोसायटीचे वॉचमनकाका आले.

"काय शोधताय ताई?"

तोंडातून पटकन निघून गेलं, "कॅश."

"किती होती?"

मग मी उपग्रह, अक्षांश-रेखांश वगैरे सगळं समजावलं. ते अर्धा तास माझ्याबरोबर शोधत होते, पण शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं की बाईंचे पैसे पडलेत आणि लाजेपोटी ही काहीतरी सांगतेय.

पुढच्या आठवड्यात मी सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी काढली आणि नवा डबा त्यांच्या कुंपणाच्या आत, काकांच्या खुर्चीपासून चार पावलांवर ठेवला. जुन्या जागेपासून साठेक मीटर वर. 161 मीटरच्या आतला बदल मालक स्वतः नोंदवू शकतो, त्यापेक्षा लांब न्यायचं तर गोष्ट रिव्ह्यूअरकडे जाते. आता कोणी येऊन गेलं की मला काकांकडूनच कळतं.

आता तुमचं. सुट्टीत लपवलेल्या कॅशला वेबसाइट सरसकट नाही म्हणत नाही, पण देखभालीची खरी व्यवस्था मागते. 'आमचे मामा आहेत' एवढ्याने भागत नाही. मामांनी स्वतः हो म्हटलेलं हवं, त्यांना काय करायचं ते माहीत हवं, आणि त्यांचं तिथे खातं असेल तर उत्तम. दुसरी अडचण वेळेची. डबा आधी जागेवर ठेवायचा, मग अर्ज करायचा, आणि रिव्ह्यूअर त्याकडे बघायलाच आठवडा घेऊ शकतो. त्याने सांगितलं की इथे 161 मीटरच्या आत दुसरी कॅश आहे, हलवा, तर तुम्ही तोवर पुण्यात. वर फोनचं जीपीएस झाडाखाली किंवा इमारतींच्या मध्ये पाच-दहा मीटर सहज चुकतं. इथला माणूस वेगवेगळ्या दिवशी चार वेळा जाऊन आकडा पक्का करतो, पाहुण्याकडे एकच संध्याकाळ असते.

जागांबद्दल मात्र हात जोडून सांगते. पांडवलेणी नको, ते संरक्षित स्मारक आहे, फटीत काही खुपसणं सोडाच, तिथे दगडाला हातही लावू नका. पंचवटी आणि रामकुंडाचा परिसर नको. गर्दीत पडलेला अनोळखी डबा म्हणजे बेवारस वस्तू, आणि बेवारस वस्तू दिसली की पोलिसांना कळवा हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. 2027 चा सिंहस्थ समोर असताना तर विचारही नको. देवळाली कॅम्प लष्कराचा, नाशिकरोडला नोटांचा छापखाना, त्यांच्या आसपास फोन घेऊन झुडपं चाळणाऱ्या माणसाला जिओकॅशिंगवर भाषण द्यायची संधी मिळेलच असं नाही.

स्टीलची डबी वापरू नका, ती दोन दिवसांत भंगारात जाते. लिंबू-मिरचीसारखं किंवा लाल कापडात बांधलेलं तर काही नकोच, लोक करणी समजून रॉकेल ओततील. पेनऐवजी पेन्सिल ठेवा. खणून पुरू नका आणि आत खाऊ ठेवू नका. गंमत म्हणजे 3 मे 2000 ला अमेरिकेत ओरेगनमध्ये डेव्ह उल्मर यांनी ठेवलेली अगदी पहिली कॅश अर्धी पुरलेली बादली होती आणि तिच्यात खाण्याचा डबाही होता. आजच्या नियमांत ती पासच झाली नसती.

मुलांचा हिरमोड नको असेल तर ट्रॅव्हल बग आणा. नंबर कोरलेला छोटा बिल्ला असतो, दुसऱ्याच्या कॅशमध्ये ठेवायचा, कोणीतरी उचलून पुढे नेतो, आणि तो कुठे पोचला ते मुलं पुण्यात बसून बघतात. मात्र तो मावेल एवढी कॅश आधी नकाशावर हेरून ठेवा, माझ्या नळीत तो मावला नसता. दुसरा मार्ग म्हणजे अर्थकॅश. यातला अर्थ म्हणजे इंग्रजीतली पृथ्वी, मराठीतला नव्हे. डबाच नसतो, भूशास्त्रावरचे प्रश्न असतात, लोक जागेवर जाऊन निरीक्षण करतात आणि उत्तरं मालकाला पाठवतात. नाशिक त्यासाठी सोन्यासारखं आहे. अंजनेरीच्या कड्यात लाव्ह्याचे थर एकावर एक मोजता येतात, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी मात्र इथेही बघावी लागते. आणि उत्तरं आली की ती वाचून कळवायचं काम पुण्याहून होतं, पुराने वाहून जाण्यासारखं काही नसतं.

एवढं करूनही डबाच लपवायचा असेल, तर पहिल्या दिवसापासून तो मामांच्या खात्यावर ठेवा. मालकी नंतर बदलता येते, आतेभावाने दुसऱ्या पावसाळ्यानंतर ती माझ्या नावावर केलीच. पण मधल्या काळात प्रत्येक तक्रार आधी जर्मनीला जायची, तिथून मला फोन यायचा आणि मग मी छत्री शोधायचे.

मामा पावसाळ्यात घराबाहेर पडणारे आहेत का?