मारुती झेनमध्ये मारुती एस्टीमचं १.३ लिटरचं इंजिन टाकलंय, पॉवर स्टीअरिंगचा पंप बसत नाहीये, बेल्ट काढून टाकला तर चालेल का?

बेल्ट काढला की पॉवर जाते, स्टीअरिंग मॅन्युअल होत नाही. सगळा घोळ इथेच आहे.

तुम्ही लिहिलंय की इंजिन बसलं, माउंट बसले, पण पंपाचं ब्रॅकेट अडतंय आणि मिस्त्री म्हणतोय बेल्टच काढून टाकू, एवढीशी गाडी, तिला कशाला पाहिजे पॉवर. माझ्या मिस्त्रीनेही शब्दशः हेच सांगितलं होतं, इंदूरचे सगळे मिस्त्री बहुतेक एकाच उस्तादाकडे शिकलेत.

माझी झेन २००१ ची आहे, तिच्यात एस्टीमचं ८५ बीएचपीवालं इंजिन टाकलं. आम्ही पंप काढला, बेल्ट काढला, आणि रॅकवर, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्याच्या नळीवर, जे दोन पाइप पंपाकडून येतात त्या दोन्ही तोंडांना बोल्ट मारून बंद केलं, म्हणजे तेल गळायला नको. हे सगळ्यात वाईट काम झालं, ते तुम्ही करू नका. पॉवरच्या रॅकमध्ये आत एक पिस्टन असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना तेल. चाक वळलं की पिस्टन सरकतो आणि एका बाजूचं तेल दुसरीकडे जायला पाहिजे. तोंडं बंद केली तर ते जाणार कुठे? माझ्या रॅकमध्ये थोडी हवा राहिली होती म्हणून निदान वळत तरी होतं. आठवड्याभरात रात्री सराफ्याच्या बाजूला गाडी लावायला गेलो, गाडी जागेवर उभी, मी दोन्ही हातांनी लटकलोय, आणि खालून लाल तेलाची धार. सील गेलं, रॅकचं रबरी बूट तेलाने फुगलेलं. आई शेजारी बसली होती, म्हणाली गाडी चालवून राहिलायस की जातं ओढून राहिलायस.

मग लूप केला, म्हणजे रॅकची ती दोन तोंडं एकाच छोट्या पाइपने एकमेकांना जोडली, तेल आतल्या आत इकडून तिकडे फिरतं. पंप नाही म्हणजे प्रेशर फार नसतं, पण पाइप तेल सहन करणारा घ्या, पाण्याचा नको, तो महिन्यात मऊ पडतो. थोडं तेल आत राहू द्या, कोरडं ठेवलं तर सील आणि रॅक दोन्हींची वाट लागते. लूपने गाडी चालते, हायवेला तर कळतही नाही, मी खंडवा रोडने सिमरोल, भेरूघाट करून ओंकारेश्वरला जाऊन आलो, वेग असला की काही त्रास नाही. त्रास आहे तो इंदूरच्या गर्दीत, राजवाड्याला, छप्पनला, जिथे जिथे दोन स्कूटरींच्या मध्ये गाडी घुसवायची तिथे.

आणि लूप केल्यावरही दोन गोष्टी राहतातच. एक, पिनियनच्या, म्हणजे रॅकला सरकवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या, वर जो व्हॉल्व्ह असतो त्यात एक बारीक टॉर्शन बार, म्हणजे पिळणारी सळई, असते, ती आधी पीळ खाते आणि मग रॅक हलतो. पॉवर चालू असताना हाच पीळ व्हॉल्व्हला सांगतो की तेल कुठल्या बाजूला सोडायचं. पॉवर नसली की तो नुसता ढिलेपणा वाटतो, स्टीअरिंगच्या मधोमध थोडं हललं तरी गाडी लगेच ऐकत नाही. लोक ही सळई वेल्डिंग करून जाम करतात, पिस्टनचं सील कापून टाकतात, आत ग्रीस भरतात, आणि बाहेर रेसिंगवाले हे नीट करतातही. पण सांवेर रोडच्या एखाद्या खरादवाल्याकडून (लेथवाल्याकडून) स्टीअरिंगच्या पिनियनवर वेल्डिंग? मी तरी नाही करणार. उष्णतेने त्या पोलादाचं पाणी उतरलं आणि तो तुटला तर ब्रेक मारण्यापलीकडे हातात काही राहत नाही.

दुसरी गोष्ट गिअरिंगची. पॉवरवाला रॅक मुळातच जलद असतो, चाकं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायला स्टीअरिंगचे फेरे कमी लागतात, कारण जोर पंप लावणार हे धरूनच तो बनवलेला असतो. पंप काढला तरी फेरे तेवढेच राहतात, जोर मात्र आता तुमचा. म्हणून माझं सरळ म्हणणं, पॉवर स्टीअरिंग नसलेल्या झेनचा रॅक शोधा आणि तो टाका. मला कबाड्याकडे तिसऱ्या चकरेत मिळाला. घेताना तुमचा जुना रॅक सोबत न्या, शेजारी ठेवून माउंटिंगची भोकं, लांबी, पिनियनच्या वरच्या टोकाचे, जिथे स्टीअरिंगचा कॉलम (दांडा) जोडतो तिथले, दाते आणि टाय रॉडचे (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या सळईचे) आटे जुळवा, आणि पिनियन हाताने फिरवून दोन्हींचे फेरे मोजा, मॅन्युअलचे जास्त भरले पाहिजेत. मधोमध अडकत असेल किंवा लाडखाऊ पोरासारखा एकाच बाजूला ओढ घेत असेल तर तो घेऊ नका, बहुतेक एक्सिडेंटच्या गाडीचा असतो. कॉलमच्या जोडाचा बोल्ट नवीन टाका, जुना पिळून परत लावू नका. आणि नंतर अलाइनमेंट केल्याशिवाय लांब जाऊ नका, टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा आतल्या बाजूचा कल, नक्की हललेलं असतं.

हां, बेल्ट काढण्याआधी बघून घ्या की त्याच बेल्टवर आणखी काही फिरत नाहीये ना. आणि पंपावर प्रेशर स्विच असेल तर त्याची वायर टेप लावून बांधून ठेवा, ती बॉडीला टेकली तर ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं स्टीअरिंगचा लोड आला आणि आयडल, म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनचा वेग, उगाच चढतो. मी दोन दिवस थ्रॉटल बॉडी साफ करत बसलो होतो.

पिकअप वाढतो का, हे पण विचारलंय तुम्ही. मला तरी जाणवला नाही. सरळ रस्त्यावर पंप तसाही फार जोर खात नाही, तो खातो गाडी उभी असताना वळवताना.

तुमच्या घरी आणखी कोणी गाडी चालवत असेल, बाबा, काकू कोणी, तर मॅन्युअलच्या भानगडीत न पडता अल्टो किंवा वॅगनआरचा इलेक्ट्रिक कॉलम बघा. मोटर कॉलमवरच असते, म्हणजे इंजिनपाशी पंप, पाइप, ब्रॅकेट काहीच नको, तुमची मूळ अडचणच संपते. खाली रॅक मात्र मॅन्युअलच लागेल. उभ्या गाडीत वळवताना मोटर भरपूर करंट ओढते, म्हणून बॅटरीपासून जाड वायर आणि वेगळा फ्यूज, आणि अर्थिंग चांगलं. बारक्या वायरवर जुगाड करून धूर काढलेला माणूस मी पाहिलाय.

इंजिन नंबर आरसीवर चढवलाय ना? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे त्यासाठी, आरटीओची परवानगी नसेल तर क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले आधी तेच काढतात.

टायर कोणते आहेत ते नाही लिहिलंत. १४५ चे असतील तर मॅन्युअल रॅकवर आरामात चालवाल. एस्टीमचे १७५ आणि वर ते छोटं स्पोर्ट्स स्टीअरिंग लावलं असेल, तर आधी ते स्टीअरिंग काढा आणि मूळचं मोठं लावून बघा, मग रॅकचं ठरवा.