नीट तिसऱ्यांदा नको, आधी तिची वही वाचा

पत्र : मुलीला बारावीला 81 टक्के. नीट दोनदा दिली, दोन्ही वेळा सरकारी कॉलेजपासून खूप लांब राहिली. आता तिसऱ्यांदा लातूरला क्लास लावायचा विचार आहे. पण ती दर अमावास्येला जेटीवर जाते, जुन्या ओढणीतून खाडीचं पाणी गाळते आणि कॉलेजच्या सरांनी दिलेल्या मायक्रोस्कोपखाली त्यातले किडे मोजत बसते. आमच्याच मेडिकलमधलं स्पिरिट घालून बाटल्या भरून ठेवते. वहीचं पान सोबत पाठवतो, वेळ कसा वाया जातो ते तुम्हीच बघा. पावसात तर नुसती शून्यं मांडली आहेत. गेल्या महिन्यात रागाने सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. तेव्हापासून ती आमच्याबरोबर जेवायला बसत नाही. तिचं लक्ष नीटकडे कसं वळवावं?
– एक वडील, देवगड तालुका

नमस्कार.

नीटचं नंतर बोलू. महिनाभर मुलगी घरच्यांबरोबर जेवायला बसत नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत आणि लगेच पुढच्या वाक्यात क्लासकडे वळलात. मला तिथून पुढे सरकवेना. दोन वर्षं नापासाचा शिक्का घेऊन घरात वावरणारी मुलगी जेव्हा ताट घेऊन वेगळी बसते, तेव्हा आधी तिच्याशी बोलायचं असतं. तिला झोप लागते का, मैत्रिणींशी बोलते का, ते बघा. तुमच्याशी बोलत नसेल तर आईला, मावशीला पुढे करा. गरज वाटली तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. लातूरला एकटी खोलीत ठेवण्याचा विचार तर या अवस्थेत मुळीच करू नका.

आणि त्या बाटल्या. गेल्या जुलैतलं खाडीचं पाणी आता कुठून आणणार? डॉक्टरकीची परीक्षा दरवर्षी होते, पण तो नमुना गेला तो गेला. तुम्ही मनाने वाईट नाही, तिच्या काळजीनेच हे केलंत, हे पत्रावरून कळतं. तरी चूक तुमची आहे. तिची माफी मागा, स्पष्ट शब्दांत आणि आईच्या देखत.

आता वहीचं पान. तुमचं नाव झाकून मी ते मत्स्यशास्त्र शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला दाखवलं. तारीख, भरतीची वेळ, पाणी गढूळ की निवळ, एकूण आणि ‘पिशवीवाल्या’ असे रकाने तुमच्या मुलीने आखलेत. ज्यांना तुम्ही किडे म्हणता ते कोपेपॉड, कोळंबीचे दूरचे भाईबंद, लांबीला जेमतेम मिलिमीटरभर. काही जातींची मादी शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या घेऊन फिरते. समासात तसं चित्र आहे, पिशवीतलं अंडं न् अंडं सुटं दिसतं. मैत्रिणीने पान वाचून एवढंच विचारलं, ‘‘हिने पाण्याचा खारटपणा मोजलाय का?’’ म्हणजे तिने ते पान एका अभ्यासकाचं म्हणून वाचलं.

तुमचा सगळ्यात मोठा गैरसमज त्या शून्यांबद्दल आहे. जुलैच्या ओळीत पिशवीवाल्यांपुढे शून्य आहे, ते मेहनतीने मिळालेलं उत्तर आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. आपल्याकडे जूनचा जोराचा पाऊस लागला की खाडीचं वरचं पाणी बघता बघता गोडं होतं. खाऱ्या पाण्यातल्या या जिवांना ते सोसत नाही. काही लोंढ्याबरोबर समुद्राकडे जातात, काही खालच्या जड, खाऱ्या थरात राहतात. काहींची अंडी तळाच्या चिखलात पडून राहतात, दिवस बरे आले की फुटतात. त्याच पाण्यात राहणाऱ्या पेनिलिया नावाच्या पाणपिसवेचं तर आणखी वेगळं. पोषक दिवसांत तिच्या माद्या नराविनाच माद्यांना जन्म देतात, त्यामुळे थोड्या दिवसांत पाण्यात झुंबड उडते. दिवस पालटू लागले की नर दिसायला लागतात, मग टणक अंडी तयार होतात आणि तळाशी बसून पुढच्या हंगामाची वाट बघतात. आता तुमच्या मुलीच्या वहीत बघा. सप्टेंबरच्या ओळीत पिशवीवाल्या वाढल्यात, पण एकूण आकडा अजून लहानच आहे. एकूण चढतो तो ऑक्टोबरात. आधी अंडी, मग संख्या. या दोन आकड्यांमध्ये तिने पेन्सिलने बाण काढलाय. हे तिला कुणी शिकवलेलं नाही, तिने पाहिलं. जुलैचं शून्य नसतं तर त्या बाणाला अर्थच राहिला नसता.

याने पोट भरतं का, असं तुम्ही विचाराल. देवगडात राहून हा प्रश्न पडायला नको. बांगडा खातो ते हेच. बहुतेक सागरी माशांची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर पहिला घास घेतात तो कोपेपॉडच्या पिल्लांचा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते ती माशांची वीण सांभाळायला, आणि ती पिल्लं जगणार की नाही हे पाण्यात त्यांचं खाणं किती आहे यावर ठरतं.

नोकऱ्यांबद्दल खोटं सांगणार नाही. जागा थोड्या आहेत, संशोधन प्रकल्पांतली कामं बरीचशी कंत्राटी असतात, पीएच.डी.ला वर्षं जातात. पण कोळंबीच्या हॅचरी आहेत, मत्स्य विभाग आहे, बंदरं आणि कारखान्यांचा पर्यावरण अभ्यास करणाऱ्या संस्था आहेत. तिसऱ्या नीटपेक्षा हा रस्ता तिच्यासाठी जास्त खात्रीचा आहे, कारण त्यावर ती आधीच चालतेय. मुलीला बोटीवर जावं लागेल अशी धास्ती वाटत असेल तर तीही सोडा. या विषयातलं बरंचसं काम टेबलावर, मायक्रोस्कोपला डोळा लावून होतं. आणि बोटीवर गेली तरी काय बिघडलं? नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करत होत्या आणि 1983 मध्ये निघालेल्या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेल्या.

रस्ता सरळ आहे : सीईटी देऊन रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात चार वर्षांचं बी.एफ.एस्सी., नाहीतर प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करून गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान. पुढे वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था किंवा गोव्याला दोनापावलाची समुद्रविज्ञान संस्था.

हा परिच्छेद तिच्यासाठी. बाळ, दर वेळी पाणी मोजून घे, बादलीने 100 लिटर, कमी नाही जास्त नाही, म्हणजे एका महिन्याची दुसऱ्याशी तुलना करता येईल. ओढणीची वीण धुऊन धुऊन सैल होते, म्हणून ती दर महिन्याला मायक्रोस्कोपखाली तपास. अभ्यासक साधारण 0.2 मिलिमीटर छिद्रांची जाळी वापरतात. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो, कोळंबीच्या तलाववाल्यांकडे तो असतो, मागून आण. अमावास्येला उधाण असतं, त्याच्या जोडीला अष्टमीला भांगाच्या भरतीचंही पाणी घे, पण भरतीची तीच अवस्था धर. पावसात जेटीवर एकटी जाऊ नकोस. आणि हुकलेला महिना मोकळाच ठेव, तिथे अंदाजाने आकडा भरू नकोस.

दादा, लातूरच्या क्लासचा हप्ता भरू नका, भरला असेल तर परत मागा. प्रवेशाचा अर्ज तिला स्वतःला भरू द्या, आणि त्यात मोबाईल नंबर तिचा घाला, तुमचा नको.