पोटाच्या तक्रारी: रक्त दिसलं की मूळव्याधच असते का?

या सदराकडे येणारी बरीच पत्रं 'डॉक्टर, मला मूळव्याध आहे' याच वाक्याने सुरू होतात. ती आहे हे कोणी आणि कसं तपासून ठरवलं, ते पुढे कुठेच नसतं. म्हणून आज त्या विषयाला जास्त जागा दिली आहे.

मला एक दिवसाआड शौचाला होते. सासूबाई म्हणतात, रोज सकाळी पोट साफ झालंच पाहिजे, नाहीतर विष अंगात भिनतं. खरं आहे का? (वय 34)

नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यात कुठेही बसत असाल आणि कुंथावं लागत नसेल, तर चिंता नको. वर्षानुवर्षांची सवय अचानक बदलली, तर मात्र दाखवून घ्या.

जेवताना पाणी प्यायलं की अन्न पचत नाही म्हणतात.

पेलाभर पाण्याने जठरातलं आम्ल निकामी होत नाही. खुशाल प्या.

चहा चालतो, दही चालतं, पण पेलाभर दूध प्यायलं की पोट गुडगुडतं आणि जुलाब होतात. ओळखीच्या एकाने दूध-दही कायमचं बंद करायला सांगितलंय. (वय 41)

दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडायला लॅक्टेज नावाचं विकर लागतं. ते लहान आतड्याच्या अस्तरावर असतं आणि बालपण सरलं की पुष्कळ जणांत कमी होत जातं. मग ही साखर न पचता मोठ्या आतड्यात उतरते. तिथले जिवाणू ती फसफसवतात, म्हणून गॅस. ती पाणीही ओढून घेते, म्हणून जुलाब. चहात दूध थोडंसंच असतं, आणि दही लागताना जिवाणूंनी काही साखर आधीच संपवलेली असते. दही सोडायचं काहीच कारण नाही. दूध थोडं थोडं, जेवणाबरोबर घेऊन बघा. पण वजन उतरत असेल किंवा जुलाबासाठी झोपेतून उठावं लागत असेल, तर दुधाला दोष देत बसू नका, तपासणी करून घ्या.

मोबाईलवर जाहिरात येते की आतड्याच्या भिंतीला वर्षानुवर्षांचा मळ चिकटलेला असतो आणि 15 दिवसांच्या चूर्णाने तो सुटतो. फोटोही दाखवतात. घ्यावं का?

घेऊ नका. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी दर चार-पाच दिवसांनी झडून नव्या येतात, त्यावर जुना मळ चिकटणार कुठे? मी रोज दुर्बिणीतून आतडी बघतो. नीट धुतलेलं आतडं आतून गुलाबी, ओलं, चकचकीत दिसतं. फोटोतला तो दोरीसारखा पदार्थ बहुतेक वेळा त्यांच्याच पुडीतल्या भुशाचा आणि मातीचा फुगून झालेला गोळा असतो. अशा चूर्णांत बऱ्याचदा सोनामुखी असते. ती महिनोन् महिने घेतली तर शरीरातलं पोटॅशियम उतरू शकतं, आणि ती घेतल्याशिवाय पोट साफ होत नाही अशी धास्ती बसते ती वेगळीच. पैसे देऊन हे विकत घेण्यापेक्षा भाकरी, पालेभाज्या आणि फळं खा. तरीही बद्धकोष्ठ राहिलं तर डॉक्टरांकडे या, थायरॉइडपासून चालू गोळ्यांपर्यंत त्याची अनेक कारणं असतात.

सात-आठ महिने शौचाच्या वेळी रक्त पडतंय, दुखत काही नाही. मेडिकलवाल्याने मूळव्याध म्हणून मलम दिलं. मग स्टँडजवळची 'बिनऑपरेशन, एका इंजेक्शनमध्ये मोकळे व्हा' ही पाटी वाचून तिथेही जाऊन आलो. रक्त थांबतं, पुन्हा सुरू होतं. हल्ली शौचाला वरचेवर जावं लागतं आणि जिना चढताना धाप लागते. एखादं चांगलं मलम सुचवा. (वय 53)

मलम सुचवणार नाही. तुमच्या पत्रात सगळं आहे, फक्त एक गोष्ट नाही: या सात-आठ महिन्यांत तुम्हाला कोणी तपासलं का? मेडिकलवाल्याने काउंटरपलीकडून ऐकलं. पाटीवाल्याने काय पाहिलं, देव जाणे.

गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकाला असतात. त्या सुजून खाली सरकल्या की मूळव्याध. तिचं रक्त लालभडक असतं, थेंब थेंब पडतं, आणि बहुधा दुखत नाही. फिशरमध्ये, म्हणजे गुदद्वाराला चीर पडते तेव्हा, काचेने चिरल्यासारखं दुखतं. इथवर लोकांना ठाऊक असतं. पण मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातला कॅन्सरही सुरुवातीला असाच असतो, लालभडक रक्त आणि वेदना नाहीत. आणि मूळव्याध असलेल्या माणसाला कॅन्सर होत नाही, असा काही नियम नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, म्हणून मूळव्याध सापडली तरी शोध तिथे संपत नाही.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक आले होते. कापडी पिशवीतून त्यांनी टेबलावर मलमाच्या नळ्या मांडल्या, अकरा होत्या, काही अगदी शेवटपर्यंत पिळलेल्या. दीड वर्षाचा हिशेब. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आत कागदासारखं पांढरं. हिमोग्लोबिन 6.4. मी हातमोजा चढवून बोटाने तपासलं, जेमतेम अर्धं मिनिट. बोटाच्या टोकाला टणक, खडबडीत गाठ लागली. त्या दीड वर्षात ते चार जणांकडे गेले होते, हे अर्धं मिनिट कोणीही काढलं नव्हतं. ऑपरेशन झालं, ते आज आहेत, पण गाठ फार खाली असल्याने शौचासाठी पोटावर कायमची पिशवी आली. त्या अकरा नळ्या माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

मला राग येतो तो उशिराचा. या कॅन्सरची सुरुवात बहुतेक वेळा पॉलिप नावाच्या छोट्या कोंबापासून होते, आणि कोंबाचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. तो कोंब दुर्बिणीतूनच काढून टाकता येतो. निसर्ग इतका वेळ देतो, आणि आपण तो लाजेत, मलमांत आणि पाट्या वाचण्यात घालवतो.

तुमचं वय, बदललेला कोठा आणि धाप, या तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. तुम्हाला कॅन्सरच आहे असं मी म्हणत नाही, पत्रावरून ते कोणीच सांगू शकत नाही. पण याच आठवड्यात पोटविकारतज्ज्ञ किंवा सर्जनला भेटा. बोटाने तपासणी, हिमोग्लोबिन आणि कोलोनोस्कोपी (दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी) होईपर्यंत एकही नवं मलम आणू नका. बाकीच्यांसाठी: शौच डांबरासारखं काळं, चिकट झालं तर रक्त वरून, जठरातून येत असू शकतं. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण तो फरक घरी ठरवू नका, त्याच दिवशी दाखवा.

चार वर्षं रोज सकाळी चहाबरोबर पित्ताची गोळी घेतो. चालेल का?

गोळी खाण्याआधी अर्धा तास घ्यायची असते, चहाबरोबर नाही. ती कोणी, कशासाठी सुरू केली होती? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्या काहींना ती गरजेची असते, बऱ्याच जणांना फक्त सवय लागलेली असते. वर्षानुवर्षं घेतल्यास बी-12 आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. एकदम बंद केली तर आम्ल उसळून येतं, म्हणून सोडायची तीही डॉक्टरांना विचारून. शिवाय दुखणं अल्सरचं असेल तर त्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असू शकतो. तो शोधल्याबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 साली नोबेल मिळालं. अँटिबायोटिक्सच्या साधारण दोन आठवड्यांच्या कोर्सने तो जातो. तपासणी न करता चार वर्षं गोळी गिळणं म्हणजे आजार झाकणं.

मधुमेह आहे. भरभर चाललं की छातीत जळजळ होते, थांबलं की जाते. सोड्याने बरं वाटतं. पित्तच ना?

पित्त समजू नका. चालताना येणारी आणि थांबलं की जाणारी जळजळ हृदयाची असू शकते. आजच हृदयाची तपासणी करून घ्या, आणि ईसीजी चांगला आला तरी हृदयरोगतज्ज्ञांना भेटल्याशिवाय थांबू नका.

यजमानांना कोलोनोस्कोपी सांगितली आहे. ते घाबरून तारीख पुढे ढकलत आहेत. त्यात नेमकं काय करतात?

आदल्या दिवशी हलकं आणि पातळ खायचं, मग पाण्यात मिसळलेलं औषध पिऊन आतडी रिकामी करायची. खरं सांगायचं तर त्रास तेवढाच, संडासाच्या फेऱ्या होतात. तपासणीच्या वेळी गुंगीचं इंजेक्शन देतात. करंगळीएवढ्या जाडीची लवचिक नळी आत जाते, साधारण अर्ध्या तासात काम होतं आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, म्हणून तुम्ही सोबत जा. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी फोन करून विचारा. आणि तारीख पुढची नको, या आठवड्यातली घ्या.