दोरा बदला, कातडं राखा

नमस्कार ताई. नोकरीनिमित्त चार वर्षं झ्युरिकला होते. तिथे बुर्कलीप्लाट्झला शनिवारी जुना बाजार भरतो, त्यात स्विस सैन्याची एक जुनी सॅक घेतली. मीठमिरी उधळल्यासारखं करडं जाड कापड, तळाला आणि पट्ट्यांना कातडं, आतल्या बाजूला कारागिराचं नाव, गाव आणि १९६२ असा शिक्का. ठाण्याला परत आल्यावर ती एक पावसाळा माळ्यावर राहिली. आता कुबट वास येतो, पट्टे आंबोशीसारखे कडक झालेत, रिबिटांभोवती हिरवं काहीतरी साचलंय आणि खांद्याच्या एका पट्ट्याची शिवण उसवलीय. बाबा म्हणतात फेकून दे, सासूबाई म्हणतात खोबरेल चोपड. मला ती राजमाचीला न्यायची आहे. काय करू?
– एक वाचक, ठाणे

फेकू तर नकाच. पण खोबरेलाची बाटलीही जागेवर ठेवा, तिच्याबद्दल पुढे सांगते.

आधी नुसतं पाहायचं. एक पांढरं सुती फडकं घ्या, अगदी कोरडं, आणि पट्ट्याच्या आतल्या अंगावर हलकेच घासा. फडक्याला मळ लागला तर ठीक आहे. विटेची असते तशी तांबूस भुकटी लागली तर मात्र थांबा. झाडाच्या सालीत कमावलेल्या जुन्या कातड्यात हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे आम्ल साठत जातं आणि कातडं आतून भुगा व्हायला लागतं. याला ‘रेड रॉट’ म्हणतात. तो एकदा झाला की मागे फिरत नाही. अशा कातड्याला ओलं फडकं लावलं तर ते काळं पडून लाकडासारखं होतं, आणि ते परत मऊ करण्याचा उपाय माझ्याकडे तरी नाही. म्हणून कोरडं फडकं पहिलं, ओलं नंतर. हा क्रम कधीही चुकवू नका.

दुसरी परीक्षा लाटण्याची. पट्टा लाटण्यावरून सावकाश वळवा. वरच्या पापुद्र्यावर केसासारख्या रेषा उमटल्या तर घाबरू नका. रेषेच्या आत तंतू तुटलेले दिसले तर तो पट्टा वजन पेलणार नाही, मग वरून कितीही चकाकू दे. बक्कलाचा काटा साठ वर्षं ज्या भोकात बसला ते भोक सगळ्यात आधी बघा. पट्टा तुटतो तो बहुतेक वेळा तिथेच.

आता बुरशी. सॅक गॅलरीत न्या, नाकाला रुमाल बांधा आणि मऊ ब्रशने कोरडीच झाडा. घरात झटकलीत तर ती बुरशी कपाटातल्या चपलांवर जाऊन बसेल. कापडाला सकाळचं तासभर ऊन चालतं, कातड्याला चालत नाही. दोन्ही एकत्र शिवलेलं आहे, तेव्हा उन्हात ठेवताना पट्टे आणि तळ पंचाने झाका. मग आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सॅक पंख्याखाली आठवडाभर ठेवा आणि बोळे रोज बदला. कापडावर चिखलाचे डाग असतील तर तेवढीच जागा थंड पाण्याने, नखं घासायच्या मऊ ब्रशने पुसा. डिटर्जंट नको, ब्लीच तर नकोच नको.

रिबिटांभोवतीचं हिरवं म्हणजे कळंक. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, त्याच जातीचा प्रकार. पितळेतलं तांबं आणि कातड्यातल्या तेलाची आम्लं मिळून तो मेणचट थर बनतो. आपला हात लगेच चिंचेकडे जातो, पण इथे चिंच-मीठ नको, लिंबू नको, भांडी घासायची पावडरही नको. पितळ लखलखीत होईल, पण ते आंबट पाणी रिबिटाखालून कातड्यात उतरेल आणि तिथेच राहील. खराट्याच्या काडीचं टोक चपटं करा आणि थर कोरडाच खरवडा. उरलेला जुन्या टूथब्रशने काढा. पितळ काळपट राहिलं तर राहू द्या, साठ वर्षांचं आहे ते.

आता खोबरेल. १९९८ साली पुण्याच्या जुन्या बाजारातून मी आयुष्यातली पहिली कातडी पट्ट्यांची सॅक आणली आणि हौसेने तिच्या पट्ट्यांना सलग तीन दिवस खोबरेल पाजलं. पट्टे लोण्यासारखे मऊ झाले आणि मी घरभर सगळ्यांना दाखवत फिरले. पहिल्याच ट्रेकला, दोन्ही खांद्यांवर ओझं आल्यावर, ते ताणून बोटभर लांब झाले आणि शिवणीची भोकं लंबगोल झाली. तेल झिरपून पाठीच्या कापडावर काळे पट्टे पडले ते कायमचे. थंडीत खोबरेल थिजून कातड्यावर पांढरी साय धरायचं, पावसाळ्यात त्याला खवट वास यायचा. ती सॅक मी वाचवू शकले असते. अजून ती ठेवलेली आहे, आणि कुणी तेलाचं विचारलं की मी आधी ती समोर आणून ठेवते.

तेव्हा काय लावायचं? मधमाशीच्या मेणाचं, रंग नसलेलं लेदर क्रीम. पोळीला तूप लावतो त्याहून कमी. पूर्ण सॅकला मिळून चहाचा एक चमचा पुरतो. बोटाने लावा, रात्रभर ठेवा, सकाळी फडक्याने उरलेलं पुसून काढा, चार दिवस थांबून परत बघा. कातडं एका दिवसात मऊ व्हायला हवं ही घाईच घात करते. तुमचे पट्टे मऊ व्हायला महिना लागेल, लागू द्या.

उसवलेल्या शिवणीबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते, कारण चांगल्या सॅक मी सगळ्यात जास्त इथेच वाया गेलेल्या पाहिल्यात. लोक म्हणतात, दोरा कुजलाय, आता चांगला मजबूत नायलॉन घाला, परत तुटायला नको. पण दोऱ्याने तुटायलाच हवं. खोगीर शिवणाऱ्या जुन्या कारागिरांचा लिननचा दोरा कातड्यापेक्षा कमजोर असायचा. ओढ जास्त झाली की दोरा जायचा, कातडं राहायचं, आणि कारागीर त्याच भोकांतून परत शिवायचा. नायलॉन तुटत नाही. तो म्हाताऱ्या कातड्याला करवतीसारखा कापत जातो आणि एक दिवस टाक्यांच्या ओळीवरच पट्टा फाटतो, कागदाला भोकं पाडून फाडावा तसा. मग शिवायला जागाच उरत नाही.

लिननचा दोरा पुस्तकबांधणीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. त्याला मधमाशीचं मेण चोळा, दोन्ही टोकांना बोथट सुया ओवा. जुन्या दोऱ्याचे तुकडे चिमट्याने काढा, ओढू नका. मग एकाच भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढत चला. हा दुहेरी टाका. मशीनच्या शिवणीत एक टाका तुटला की ओळ सुटत जाते, यात एक तुटला तरी शेजारचे धरून राहतात. नवी भोकं पाडू नका, एकही नको. प्रत्येक नवं भोक म्हणजे त्या पट्ट्याचा थोडा जीव गेला. हाताशी चांगला चर्मकार असेल तर त्याच्याकडे द्या, पण शेजारी बसा आणि ‘काका, जुन्याच भोकांतून’ हे आरी हातात घेण्याआधीच सांगा.

लाटण्याच्या परीक्षेत खांद्याचा पट्टा नापास झालाच, तर तो बदला, त्यात कमीपणा नाही. साडेतीन-चार मिलिमीटर जाडीचं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं मागा, कोल्हापुरी चपलेला वापरतात त्या पद्धतीचं. बक्कल जुनं वापरा आणि काढलेला पट्टा सॅकच्याच खिशात जपून ठेवा. सगळं झालं की आठ-दहा किलो तांदूळ भरून सॅक रात्रभर पट्ट्यांवर टांगा. सकाळी शिवणी बघा. राजमाची त्यानंतर. आणि जायचं ते दिवाळीनंतर, जुलैत नाही. कापड भिजून सुकेल हो, पण तळाचं कातडं आपल्या पावसात चार-चार दिवस सुकत नाही.

झाकणाच्या आत नावाची पट्टी आहे का, तेही बघा. स्वित्झर्लंडमध्ये नागरिकांचं सैन्य आहे, शिपाई आपला साज घरीच ठेवतो, त्यामुळे अशा सॅकवर कधीकधी शाईने लिहिलेलं नाव सापडतं. शिक्का तर तुमच्याकडे आहेच. कुठल्याशा गावातल्या खोगीर शिवणाऱ्याने १९६२ मध्ये आपलं नाव त्या कातड्यात उमटवलं. त्या जागेवर क्रीमही चोळू नका.

पुण्याच्या जुन्या बाजारात ‘ओरिजिनल मिलिटरी’ म्हणून कॅनव्हास-कातड्याच्या बॅगा दिसतात. खरी-खोटी कशी ओळखावी?
– एक ट्रेकर, चिंचवड

पट्ट्याची कापलेली कड बघा. सालीत कमावलेलं कातडं कडेला आरपार तपकिरी असतं. क्रोममध्ये, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, कमावलेल्याच्या मधोमध बहुतेक वेळा निळसर करडी रेघ दिसते, वर कितीही तपकिरी रंग दिलेला असला तरी. मग दुरुस्त्या शोधा. खऱ्या लष्करी सॅकवर नीट घातलेली ठिगळं असतात, कारण सैन्यात वस्तू फेकत नाहीत, दुरुस्त करतात. मुद्दाम जुनाट केलेल्या बॅगेची झीज सगळीकडे सारखी असते. वापरलेल्या बॅगेची झीज खांद्यावर, तळाच्या कोपऱ्यांवर आणि बक्कलाच्या भोकात असते, बाकी कापड ठणठणीत.

बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तुम्ही बुधवारी जा, गर्दी कमी, बॅग उघडून बघायला वेळ मिळतो. विक्रेत्याने नुकतंच तेल लावून चकचकीत केलेली घेऊ नका, तेलाखाली चिरा दडतात. कळकट, धुळीची घ्या.

कातडी तळाची जुनी सॅक वॉशिंग मशीनमध्ये धुतली. कापड आटलं, तळ सुकून वाकडा झाला. परत सरळ होईल का?
– एक वाचक, डोंबिवली

नाही होणार. सुती कापड आटलं ते आटलं, आणि जबरदस्तीने ओढलंत तर शिवणी जातील. तळ काढून नवा लावता येईल, तोही आता जे माप उरलंय त्यालाच. पट्टे शाबूत असतील तर ते दुसऱ्या बॅगेला द्या. मला खरंच वाईट वाटलं तुमचं पत्र वाचून.

आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. त्यांची खाकी पाठपिशवी ट्रंकेत सापडली. कातडं कुठेच नाही, सगळं जाड सुती विणकाम आणि पितळी टोकं. अंगावर हिरवट पावडर बसलीय, आत शाईने एक क्रमांक आहे. धुऊन, मेण लावून मुलाला ट्रेकला द्यावी म्हणतो.
– एक वाचक, सातारा जिल्हा

कृपा करून धुऊ नका.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून ही ब्रिटिश आणि हिंदी पायदळाच्या १९३७ च्या नमुन्याची पिशवी असावी. कातडं भिजलं की ताणतं, सुकलं की आखडतं, हे बोअर युद्धात कळून चुकलं आणि १९०८ पासून ब्रिटिश पायदळाने अंगावरचा सगळा साज जाड सुती विणीचा केला. १९३७ चा नमुना त्याच वाटेवरचा. आत तीन रेघांचा बाण शोधा, ती सरकारी मालाची खूण.

ती हिरवट पावडर घाण नाही. तिला ब्लँको म्हणत. पाण्यात कालवून शिपाई ती ब्रशने स्वतःच्या हाताने साजावर चढवायचे, रंग सारखा दिसावा म्हणून. म्हणजे तुमच्या आजोबांच्या हाताचा तो लेप असू शकतो, आणि एका धुण्यात तो मोरीत जाईल. शाईचा क्रमांकही कदाचित त्याच्यासोबत.

वरच्या ठाण्याच्या सॅकला मी महिनाभराची मेहनत सांगितली, कारण ती वापरायची वस्तू आहे. ही वेगळी आहे. १९४४ मध्ये टायबरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे पडले, १९४५ च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना उचलून आणलं, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान, मिळाला. दोघेही आजोबांच्याच रेजिमेंटचे. त्याच रेजिमेंटसोबत ही पिशवी इटलीच्या चिखलातून फिरून तुमच्या ट्रंकेत आलीय. तिला मेण नको, टाका नको, ट्रेक नको. मुलाला दुसरी पिशवी घेऊन द्या आणि ही त्याच्या हातात देऊन दाखवा.

करायचं एवढंच. मऊ ब्रशने फक्त सुटी धूळ झाडा. आत जुन्या धुतलेल्या धोतराचे बोळे भरा, म्हणजे घडीवर कापड तुटणार नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, सुती कापडात गुंडाळा, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा ट्रंक उघडा. पितळी टोकं घासू नका.

पण याआधी, आजच, खिडकीपाशी नेऊन त्या क्रमांकाचा फोटो काढा, एकदा सरळ आणि एकदा तिरक्या उजेडात. पुसट आकडे तिरक्या उजेडात जास्त वाचता येतात. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला आजोबांबद्दल पत्र लिहायचं झालं, तर तो क्रमांकच लागेल.