सकाळी लावणी का नाही?

चि. मनू,

शनिवारी तू ‘पिंजरा’ सिनेमाच्या लावण्यांची कॅसेट लावलीस आणि मी स्वयंपाकघरातून ओरडले, “सकाळी सकाळी हे काय!” तू मुकाट्याने बंद केलंस. पण होस्टेलवर पोचल्यावर तुझा मेसेज आला: “आई, तुझ्या सगळ्यात आवडत्या तीन कॅसेटींत पिंजरा आहे ना? मग सकाळी ऐकला तर काय बिघडतं? मराठी लोकांत असा नियम आहे का?”

नियम होता. मराठी लोकांचं माहीत नाही, पण कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात होता आणि तो माझ्या आजीचा होता. टेपरेकॉर्डर एकच, देवघराबाहेरच्या फळीवर. पूजा होईपर्यंत तो देवाचा, शाळा सुटल्यावर आम्हा पोरांचा आणि रात्री जेवणं उरकली की अण्णांचा. ‘माझी गाणी’ असं काही नसायचंच. कुणीही लावलं तरी सगळ्या घराने ऐकायचं. हेडफोन लावून तू घरात फिरतेस तेव्हा मला अजून वाटतं, ही रुसलीय की काय.

सकाळ गीतरामायणाची. त्याला चाली आणि आवाज देणारे सुधीर फडके, म्हणजे बाबूजी, १९१९ साली कोल्हापुरात जन्मले, हे अण्णा प्रत्येक पाहुण्याला असं सांगत की जणू आमच्याच गल्लीत जन्मले! १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, आठवड्याला एक गाणं. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून गदिमांनी बावन्नाची छप्पन्न केली. लोक रेडिओला हार घालून ऐकत, असं आजी सांगायची. आमच्याकडे हाराऐवजी सेल. वीज गेली की टेप सेलवर चालायचा, सेल उतरले की बाबूजींचा आवाज जाड, संथ होत जायचा आणि रामाचा वनवास आणखी लांबायचा. मग आजी सेल काढून गच्चीत उन्हात ठेवायला लावायची. “मी ठेवतो,” म्हणत मी पळायची. (हो, ‘ठेवतो’च. कोल्हापुरात मुलीही असंच बोलतात. तू हसतेस, पण सुट्टीला गेले की दुसऱ्या दिवशी माझंही पुन्हा तसंच सुरू होतं.)

‘पिंजरा’ रात्रीचा. सिनेमा १९७२चा, माझ्या आधीचा. गाणी जगदीश खेबुडकरांची, आवाज उषा मंगेशकरांचा, संगीत राम कदमांचं. खेबुडकर आपल्या जिल्ह्यातले, त्यामुळे अण्णांच्या अभिमानात आणखी भर. पण आजीचा धाक म्हणून ते आवाज इतका बारीक ठेवत की ढोलकी कुणीतरी शेजारच्या वाड्यात वाजवतंय असं वाटे. एका रात्री माजघरातून आजी म्हणाली, “अरे, जरा मोठं कर. शब्द कळंनात.” अण्णा काही बोलले नाहीत, बटण फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नियम जसाच्या तसा.

तिसरी कॅसेट किशोरी आमोणकरांनी गायलेला भूप राग. ती घराची नव्हे, माझी एकटीची. कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या भावाने रेकॉर्डवरून उतरवून दिली. संध्याकाळी रंकाळा तलावावर फिरून आले की लावायची. त्यातलं ‘सहेला रे’ ऐन रंगात यायचं आणि टेप संपून बटण खटकन वर यायचं. त्याने मोजमाप न करता उतरवलं होतं. पुढचं इकडे आल्यावर ऐकलं. खरं सांगू, आजही त्या जागी आलं की माझे कान त्या खटक्याची वाट बघतात.

त्या वेळी मला वाटे, आजीच्या नियमाला शास्त्राचा आधार आहे. रागांना वेळा असतातच. कोल्हापूर तर अल्लादियाखाँसाहेबांचं गाव. शाहू महाराजांच्या दरबारी ते गवई होते, किशोरीताईंच्या आई मोगूबाई त्यांच्या शिष्या. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, म्हणून माझी कॅसेट दिवेलागणीनंतरची. सगळं बरोबर जुळत होतं.

पण तुझ्या मेसेजनंतर बसून विचार केला आणि नियम पार उसवला बघ. गीतरामायणाचं पहिलंच गाणं भूपातलं, आणि आम्ही ते सकाळी सातला लावत होतो! देवाला उठवायच्या गाण्याचं नावच भूपाळी. आणि आजी रोज पहाटे गुणगुणायची ती ‘घनश्याम सुंदरा’? ती होनाजीची. लावण्या रचणाऱ्या शाहिराची! त्याच्यावर ‘अमर भूपाळी’ काढला व्ही. शांतारामांनी, १९५१ साली. ‘पिंजरा’ही त्यांचाच. आणि शांताराम जन्मले कुठे? कोल्हापुरात. अण्णांनी हे आजीला कधी ऐकवलं असेल असं वाटत नाही. ऐकवलं असतं तर तिने त्यांनाच गच्चीत सेल ठेवायला पाठवलं असतं.

तर तुझं उत्तर: काही बिघडत नाही. पुढच्या वेळी आलीस की खुशाल लाव, आवाजही मोठा ठेव. फक्त माझा देवापुढचा दिवा लावून होईपर्यंत थांब.

— आई